दोन्ही आदेशांची काटेकोर अंमलबजावणी

जानू झोऱ्याने बंदूक हवालदार चिल्यांच्या टेबलावर ठेवली, पण हात काही तिच्यावरून काढेना.

“म्हैन्यातनं दोनदा खोबरेल पाजा तिला,” तो म्हणाला. “न्हाईतर नळी गंजतीया.”

चिल्यांनी बरं म्हटलं आणि दस्त्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला. त्यावर आकडा मी घातला, सतरा. मी तेव्हा मामलेदार कचेरीत परवाने शाखेचा कारकून होतो. वय सव्वीस, घरात पाच महिन्यांची मुलगी, नोकरी अजून कायम व्हायची होती. बंदुका पोलीस ठाण्यात जमा होत असताना कचेरीचा माणूस हजर हवा, म्हणून मला तिथे खुर्ची टाकून बसवलं होतं. सकाळपासून सोळा जण येऊन गेले होते. कुणी कुरकुरले, कुणी नुसतंच ठेवून गेले. एवढा वेळ थांबलेला हा पहिलाच.

जानू सड्यावरच्या धनगरवाड्याचा. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं उघडं कातळ, कचेरीपासून चार कोस, त्यातला शेवटचा कोस तर उभी चढण. वर सात घरं, शेळ्या, म्हशी आणि चहूबाजूंनी रान. त्या सात घरांत मिळून बंदूक एकच होती, ही. बापाच्या वेळची ठासणीची एकनळी. तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, एक बार उडाला की दुसऱ्याला पाच मिनिटं. सरकारी परवान्यावर ‘शेतीसंरक्षणार्थ’ असं लिहिलेलं. पण वर शेती ती काय असणार? नाचणीचे दोन तुकडे. बंदूक होती ती वाघरासाठी. बिबट्याला ते लोक वाघरू म्हणत.

“भाऊसाहेब,” तो मला म्हणाला, “वाघरू उतारलंय. परवाच्याला आमच्या शेजारचं वासरू नेलं. ह्या टायमाला बंदूक मागता व्हय?”

मी त्याला समजावून सांगितलं. सीमेवर लढाई लागली आहे. देशातली खासगी शस्त्रं शत्रूच्या हाती लागू नयेत, म्हणून लढाई संपेपर्यंत सगळी ठाण्यात ठेवायची, असा सरकारचा हुकूम आहे. त्याने विचारलं की शत्रू सड्यावर येणार हाय का. मी हसलो. चिलेही हसले. सीमा आमच्या तालुक्यापासून हजार मैलांवर. तिथून शत्रू निघाला, डोंगर चढून जानूच्या दारात आला, त्याची ठासणीची बंदूक हिसकावून घेतली, दारू भरली, ठासली आणि मग देश जिंकला, असं चित्र कुणा सचिवाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार. हे मला आज सुचतं. तेव्हा मी गंभीरपणे म्हणालो, हुकूम सगळ्यांना सारखा आहे.

तेही खरं नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या पुढाऱ्यांना रिव्हॉल्व्हरचा नवा परवाना मिळाला होता. युद्धकाळात त्यांच्या जिवाला धोका आहे, असं कारण होतं. तो अर्जही मीच लिहिला होता, सुवाच्य अक्षरात.

तर बंदुका जमा झाल्या. त्रेचाळीस. तसं आम्ही जिल्ह्याच्या गृहशाखेला कळवलं आणि सुटलो म्हणून चहा मागवला.

आठ दिवसांनी दुसरा हुकूम आला, नागरी संरक्षण शाखेचा. शत्रूचे हस्तक कुठेही उतरतील, सबब प्रत्येक गावाने ताबडतोब ग्राम संरक्षक दल उभारावं. दलाचा प्रमुख बंदूक परवानाधारक असावा. त्याने रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला बंदुकीसह गस्त घालावी. खाली एक कलम होतं, ते मला अजून पाठ आहे. ‘दलप्रमुखाने गस्तीच्या वेळी आपले शस्त्र क्षणभरही हातावेगळे करू नये, तसेच अन्य कोणतेही हत्यार बाळगू नये.’

आमचे मामलेदार उकिडवे साहेब सज्जन माणूस, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी ते पत्र तीनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला विचारलं की बंदुका ठाण्यात, मग गस्त कशाची? मी म्हटलं, वर विचारू या. विचारलं. पत्रात सगळं स्वच्छ मांडलं, पहिला हुकूम, दुसरा हुकूम, अडचण. पाचव्या दिवशी जिल्ह्याहून उत्तर आलं, एका ओळीचं. ‘दोन्ही आदेशांची काटेकोर अंमलबजावणी करून तसा अहवाल तीन दिवसांत सादर करावा.’

इथे मी माझी अक्कल पाजळली. मी म्हणालो, साहेब, गृहशाखा वेगळी, संरक्षण शाखा वेगळी. एकीची फाईल दुसरी कधी बघत नाही. गृहशाखेला कळवलंय की त्रेचाळीस बंदुका जमा. संरक्षण शाखेला कळवू की त्रेचाळीस बंदुका दलप्रमुखांच्या ताब्यात. दोन्ही हुकूम पाळले गेले. लढाई काय महिना दीड महिना चालेल, ती संपली की बंदुका जिथल्या तिथे जातील आणि दोन्ही कागद खरे होतील.

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “मसुदा टाका.”

मला वाटलं, मी मोठा हुशार. आमच्या खात्यात हुशारी म्हणतात ती हीच. वरच्यांनी घातलेला घोळ खालच्याने कागदावर निस्तरायचा, आणि वरच्यांना कळूसुद्धा द्यायचं नाही.

पण नशीब कसं, तर दहा दिवसांत मंत्रिमहोदय ग्राम संरक्षक दलांची पाहणी करायला आमच्याच तालुक्यात येणार, असं ठरलं. आमचा अहवाल सगळ्यांत आधी पोहोचला होता ना! साहेबांचं तर अन्नच गेलं. त्यातूनही वाट मीच काढली. गावातल्या गणू सुताराला बोलावलं आणि सांगितलं की फणसाच्या लाकडाच्या बंदुका कर. गणू हाडाचा कारागीर. त्याने चिल्यांकडून एक खरी बंदूक बघायला मागून घेतली, मापं घेतली आणि कामाला लागला. वर काळा ऑइलपेंट, नळीला लोखंडी कडं. घोडा मागे ओढता यायचा आणि चाप दाबला की खट्‌ असा आवाज व्हायचा. मी म्हटलं, अरे, एवढं कशाला? तो म्हणाला, करायचं तर नीट करायचं.

पाहणीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर त्रेचाळीस दलप्रमुख खांद्याला लाकडी बंदुका लावून उभे होते. जानू पहिल्या रांगेत, कारण उंच होता आणि बंदूक धरायची त्याची पद्धत अस्सल होती. मंत्र्यांच्या मागेपुढे पोलीस, त्यांच्या हातात खऱ्या रायफली. महोदयांनी व्यासपीठावरून सांगितलं की आमचा एकेक शेतकरी आज सीमेवरच्या जवानासारखा सज्ज आहे, त्याच्या हातात आम्ही शस्त्र दिलं आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. भाषण आटोपल्यावर ते रांगेजवळून गेले, जानूपुढे थांबले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, शत्रू आला तर काय कराल? जानूने साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘सरकार सांगंल तसं’ असं उत्तर दिलं. महोदय खूश झाले. हातातल्या बंदुकीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्याच दुपारी सगळ्या दलप्रमुखांना मी हुकूम वाचून दाखवला. गस्तीच्या वेळी बंदूक हातातच हवी, म्हणजे आता ही लाकडीच, दुसरं हत्यार चालणार नाही, तलाठी येऊन तपासणी करील, चुकाल तर परवाना रद्द. जानूने कमरेच्या कुऱ्हाडीवर हात ठेवून विचारलं, ही पन न्हाई? धनगर रानात कुऱ्हाडीशिवाय पाऊल टाकत नाही. मी म्हटलं, ही पण नाही. परवाना गेला तर लढाई संपल्यावर बंदूक परत मिळायची नाही, बघ. त्याने कुऱ्हाडीवरचा हात काढला. ती बंदूक परत मिळावी म्हणून तो काय वाटेल ते ऐकायला तयार होता, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या मंगळवारी तो कचेरीत आला. उन्हातून चार कोस उतरून आलेला. पाणी दिलं तरी प्यायला नाही. वाघराने पलीकडच्या वाडीतली बाई मारली होती. पाणवठ्यावर, भरदिवसा. तिला खाल्लंही होतं थोडं.

“आता ते जनावर मान्साला भ्यायचं न्हाई,” जानू म्हणाला. “माज्या घरात सून दिस मोजतीया. बायकू पान्याला जाती. भाऊसाहेब, माजी बंदूक आठ दिस द्या. वाघरू पडलं की मी सोता आनून ठिवतो.”

मी त्याला बाकावर बसवलं आणि पहिल्यांदा ठाण्यात गेलो. चिले भला माणूस. ते म्हणाले, बंदूक आत्ता उचलून देतो, गृहशाखेची चिठ्ठी आणा. नुसत्या तोंडी सांगण्यावर दिली आणि उद्या काही झालं, तर माझा पट्टा उतरेल. मी तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आतून दार लावायला सांगितलं.

“कुठल्या शाखेला लिहू, सांगा,” ते म्हणाले. “गृहशाखेला लिहिलं तर ती म्हणेल, सोडता येणार नाही. संरक्षण शाखेला लिहिलं तर ती म्हणेल, बंदूक त्याच्याकडे आहेच, मग आता मागतोय काय? आणि दोघींनी एकमेकींना विचारलं, की आपले दोन्ही कागद एका टेबलावर येतील. खाली माझी सही आहे. बाजूला तुमचं आद्याक्षर.”

मी म्हटलं, शिकाऱ्याला पाठवा, वनखात्याला कळवा. ते म्हणाले, कळवतो. त्यांनी कळवलंही. वनखात्याचं उत्तर पुढे आलं की सदर गावी सशस्त्र दल कार्यरत असल्याने स्वतंत्र शिकारी पाठवण्याची आवश्यकता दिसत नाही.

त्या दिवशी मी काय करू शकलो असतो, ते मी पुढे हजार वेळा मनाशी घोळवलं आहे. दोन ओळी लिहायच्या होत्या. ‘माझ्याकडून चूक झाली. बंदूक ठाण्यात आहे, ती द्यावी.’ नोकरी गेली असती. कदाचित खटलाही झाला असता. मुलीचं बारसं झालं होतं, दूध रतीबाने सुरू होतं, बायकोचे वडील सगळ्यांना सांगत सुटले होते की जावई सरकारी आहे. मी लिहिलं नाही. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

बाहेर येऊन मी जानूला म्हटलं, पंधरा दिवस काढ कसेतरी. लढाई संपतच आली आहे, रेडिओवर सांगतात.

“आनि वाघराला कोन सांगंल?” त्याने विचारलं.

मी काहीतरी बोललो, जाळ कर, डबे वाजव, एकटा फिरू नकोस. मला वाघराचं काय कळत होतं! तो सगळं आयुष्य रानात काढलेला माणूस, पण त्याने माझं ऐकून घेतलं आणि मान हलवली. जाताना विचारलं की गस्त तरी बंद ठिवू का. मी म्हटलं, नको, तलाठी तपासणीला यायचा आहे.

शुक्रवारी सकाळी सड्यावरून माणूस आला.

पंचनाम्याला साहेबांनी मलाच पाठवलं, कारण कागद कसा लिहायचा हे मला माहीत होतं. वर पोहोचलो तेव्हा जानूला घोंगडीखाली झाकून ठेवलं होतं. त्याची बायको ठकूबाई दाराशी बसली होती. रडून झालेलं असावं, किंवा अजून सुरूच झालं नसावं. तिने जे सांगितलं ते असं. पहाटे गस्तीला म्हणून तो निघाला, कुऱ्हाड घरात खुंटीला. गोठ्याच्या कुडापाशी वाघरू दबा धरून होतं. ती दारात उभी होती, तिने पाहिलं. वाघरू वीसएक पावलांवर, जानू त्याच्यासमोर.

“पळाय वेळ हुता,” ती म्हणाली. “दार उगडंच हुतं. पन त्येनी खांद्याला लावली. डोळा मिटला. घोडा वढला, चाप दाबला. मला खट्‌ ऐकू आलं. मंग त्येनी बंदुकीकडं बगितलं.”

चाळीस वर्षांचा हात. वाघरू दिसलं की बंदूक खांद्याला जायची, डोकं विचार करण्याच्या आधीच. नुसती काठी असती तर तो पळाला असता. कुऱ्हाड असती तर निदान घाव घातला असता. पण त्याच्या हातात सरकारने बंदूक दिली होती, आणि गणू सुताराने ती नीट केली होती.

चिल्यांनी मला बाजूला घेतलं आणि पंचनाम्यात शस्त्राचं काय लिहिणार ते विचारलं. मी लिहिलं, ‘मयताजवळ परवान्याची बंदूक मिळून आली. बार उडाला नसल्याचे दिसते.’ त्यातला शब्द न्‌ शब्द वाचून दाखवून मी ठकूबाईचा अंगठा घेतला. तिने विचारलं नाही की हे खरं आहे का. पुढे नुकसानभरपाईचा अर्ज फेटाळला गेला तो याच वाक्यावर. शस्त्र हाती असून मयताने हयगय केली, असा शेरा होता.

दहा दिवसांनी लढाई थांबली. गावात पेढे वाटले. बेचाळीस जण येऊन आपापल्या बंदुका घेऊन गेले. मला नोकरीत कायम केल्याचं पत्रही त्याच सुमारास आलं, त्यात ‘युद्धकाळातील तत्परतेबद्दल’ असा खास उल्लेख होता.

सतरा नंबरची तेवढी उरली. परवानाधारक मेला की त्याची बंदूक वारसाने सरकारजमा करायची, असा कायदा आहे. जिल्ह्याहून पत्र आलं, मयत झोरे याच्या ताब्यातील बंदूक तात्काळ जमा करून घ्यावी. आता ती तर आधीपासून ठाण्यातच पडलेली! मला वाटलं, हे तरी सोपं आहे. फाईलला एक नोटीस लागेल, मग एक पोच लागेल, दोन्ही कागद इथेच बसून करू. नोटीस मी लिहिली. सात दिवसांत बंदूक हजर न केल्यास बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल अटक होईल, असा छापील मजकूर असतो तो भरला आणि कोतवालाला सांगितलं की ही जपून ठेव, सड्यावर न्यायची गरज नाही. कोतवाल दुसऱ्याच दिवशी बदलला. नव्याने टपाल बघितलं आणि नोटीस बजावून आला.

सातव्या दिवशी ठकूबाई ठाण्यात आली. चिल्यांनी मला निरोप धाडला. मी गेलो तर ती जमिनीवर बसलेली, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. मला पाहून उठली. नोटिशीचा कागद पुढे केला.

“ह्यात लिव्हलंय म्हनं, बंदूक दिली न्हाई तर मला धरून नेतील. सून बाळंत झालीया आठ दिस झालं. तिला बगाया दुसरं कोन न्हाई. ही घ्या.”

तिने घोंगडी उलगडली आणि लाकडी बंदूक टेबलावर ठेवली. काळा रंग एका बाजूने निघाला होता. नळीवर दातांच्या खुणा होत्या.

चिल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या खोलीत, दहा पावलांवर, खरी बंदूक भिंतीला टेकून उभी होती. मी तिला सांगू शकलो असतो. पण काय सांगणार, आणि कुठून सुरुवात करणार? मी खुर्ची ओढली, पोचपावतीचं पुस्तक घेतलं आणि लिहिलं, ‘ठासणीची एकनळी बंदूक, नग एक, मिळाली.’ कायद्याने वाचून दाखवावी लागते, म्हणून वाचून दाखवली.

तिने नीट ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे सरकारला ही बंदूकच वाटती?”

मी म्हटलं, “हो.”

टोमणा मारत नव्हती ती. मी तिचा चेहरा तेव्हा नीट पाहिला आहे, म्हणून सांगतो. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं, आणि आम्ही शिकलेली माणसं आहोत, आम्हाला ठाऊक असेल असं तिला वाटत होतं.

“मंग वाघराला कशी न्हाई वाटली, भाऊसाहेब?”

चिले उठून बाहेर गेले. मी शिक्का उचलला, पोचेवर उठवला आणि कागद तिच्या हातात दिला. तिने त्याची घडी केली, कनवटीला लावली आणि उत्तराची वाट बघत आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि सड्याच्या वाटेला लागली.